रास्पबेरी पाय: पहिल्या बूटपासून गच्चीवरच्या पावसाळ्यापर्यंत

शेजारच्या इमारतीतली नववीतली मुलगी एका रविवारी सकाळी दारात आली. हातात मामेभावाने दिलेला जुना रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढ्या एकाच बोर्डावरचा छोटा संगणक) आणि चेहरा पडलेला. "काकू, रंगीत चौकोन येतो, मग काळं होतं, परत रंगीत चौकोन. बोर्ड गेला का हो?"

"बस आधी. चार्जर कुठला लावलास?"

"बाबांच्या मोबाईलचा. नवीन आहे काकू, फास्ट चार्जर."

चार्जर तसाच ठेवला, फक्त केबल बदलली. लांब, बारीक केबल काढून आखूड आणि जाड लावली. बोर्ड सुरू झाला.

कोपरीला खाडीच्या बाजूला राहून इतकी वर्षं हा उद्योग करताना मी एक क्रम पाळत आले आहे: आधी वीज, मग कार्ड (सिस्टिम ज्यावर असते ते मेमरी कार्ड), मग नेटवर्क आणि सगळ्यात शेवटी बोर्ड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार्जर, कार्ड आणि सिस्टिम एकदम बदलली की बोर्ड चालू होतो खरा, पण दुखणं कुठे होतं ते कळत नाही आणि महिन्याभरात ते परत येतं. पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलं आहे. उदाहरण आमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं घेतलं आहे. पाण्याची पातळी मोजणारा एक छोटा बोर्ड तिथे बसवायचा आहे. तुमचं काम वेगळं असलं तरी पायऱ्या याच.

कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या.

कुठला बोर्ड घ्यायचा

टाकीसारखं एकच काम रात्रंदिवस करायचं असेल तर रास्पबेरी पायचा झीरो टू डब्ल्यू हा छोटा बोर्ड पुरतो. ५१२ एमबी मेमरी, वायफाय, वीज कमी खातो. मुलांना डेस्कटॉप उघडून पायथॉन शिकायचं असेल तर पाय ४ किंवा पाय ५ घ्या, झीरोवर ब्राउझर उघडायला बसलात तर वैताग येईल. पाय ५ दमदार आहे, पण त्याला स्वतःचा अडॅप्टर आणि पंखा दोन्ही लागतात. तो खर्च आधीच धरा.

बोर्ड अधिकृत विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवा. सेन्सर, रेझिस्टर, हेडर पिना, वायरी यांसाठी मात्र मी अजूनही लॅमिंग्टन रोडला जाते. ठाण्याहून फास्ट लोकलने दादर, तिथून पश्चिमची स्लो पकडून ग्रँट रोड. तिथे वस्तू हातात घेऊन बघता येते, आणि "ताई, हा नको, तो घ्या" असं सांगणारं माणूस काउंटरच्या पलीकडे असतं. यादी लिहून न्या. एक रेझिस्टर विसरला म्हणून परत दादर बदलणं जिवावर येतं.

झीरो घेताना सुट्ट्या गोष्टींकडे लक्ष द्या. स्क्रीन जोडायला त्याला मिनी एचडीएमआय लागतं, पाय ४ आणि ५ ला मायक्रो एचडीएमआय, पाय ३ ला नेहमीचं मोठं. झीरोला कीबोर्ड जोडायला ओटीजी अडॅप्टर (छोट्या यूएसबी तोंडाचं मोठं करणारा) हवा. त्याच्यावर दोन मायक्रो यूएसबी तोंडं असतात. कडेच्या, पॉवर लिहिलेल्या तोंडात वीज द्यायची, दुसरं कीबोर्डसाठी.

वीज: इथे कंजुषी नको

पाय ३ ला ५.१ व्होल्ट आणि २.५ अँपिअर, झीरो टू डब्ल्यूला ५ व्होल्ट आणि २.५ अँपिअर, पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर, पाय ५ ला ५ व्होल्ट आणि ५ अँपिअर. हे आकडे अडॅप्टरवर छापलेले बघून घ्या.

पाय ५ च्या बाबतीत बरेच जण फसतात. घरात ६५ वॅटचा लॅपटॉप चार्जर असतो, तो लावला की झालं असं वाटतं. पण ते ६५ वॅट २० व्होल्टवर असतात. ५ व्होल्टवर तोच चार्जर बहुतेक वेळा ३ अँपिअरच देतो. बोर्ड सुरू होतो, मात्र यूएसबीला मिळणारा एकूण प्रवाह १.६ अँपिअरऐवजी ६०० मिलिअँपिअरवर बांधला जातो. मग बाहेरची हार्ड डिस्क मध्येच गायब होते आणि आपण डिस्कला नावं ठेवतो.

केबलचं गणित एकदा करून बघा म्हणजे पटेल. समजा केबलच्या दोन्ही तारांचा मिळून रोध ०.३ ओहम आहे आणि बोर्ड २ अँपिअर ओढतो आहे. केबलमध्येच ०.६ व्होल्ट खाल्ले जातात. अडॅप्टरने ५.१ दिले तरी बोर्डापर्यंत ४.५ पोहोचतात. आणि व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पाय तक्रार करू लागतो: स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह उमटतं, वेग कमी होतो, कधी बोर्ड स्वतःच पुन्हा सुरू होतो. त्या मुलीच्या घरी नेमकं हेच चाललं होतं.

चालू बोर्डावर तपासायला ही कमांड आहे: व्हीसीजेनसीएमडी, मग एक जागा, मग गेट, अंडरस्कोर, थ्रॉटल्ड. उत्तर शून्य-एक्स-शून्य आलं तर सगळं ठीक. शेवटी ५०००० आलं तर मागे कधीतरी वीज कमी पडली होती आणि वेग कापला गेला होता. ५०००५ आलं तर या क्षणीही तेच चालू आहे. मधल्या काळात बोर्ड बंद केला नसेल तरच हा इतिहास मिळतो, रीस्टार्ट केल्यावर पाटी कोरी होते.

एक महत्त्वाची गोष्ट फार कमी ठिकाणी सांगितलेली असते. कमी व्होल्टेज ओळखणारं हे सर्किट झीरो मालिकेतल्या बोर्डांवर नाहीच. त्यामुळे झीरोवर विजेचं चिन्ह दिसलं नाही म्हणून वीज चांगली आहे असं समजू नका. तिथे मल्टिमीटरच लागतो. काळी दांडी यूएसबी तोंडाच्या धातूच्या कवचाला आणि लाल दांडी बोर्डावरच्या पिनांच्या रांगेतल्या दोन नंबरच्या, ५ व्होल्टच्या पिनेला लावा. बोर्ड कामात असताना ४.८ च्या वर दिसायला हवं. लाल दांडी घसरून शेजारच्या एक नंबरच्या पिनेला टेकू देऊ नका. ती ३.३ व्होल्टची आहे, ५ व्होल्ट तिच्यात शिरले की बोर्ड कायमचा जाऊ शकतो.

जुना पाय ४ घेत असाल तर अजून एक. २०१९ मध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीत यूएसबी-सीच्या तोंडाची रचना चुकली होती. काही महागड्या, चिप असलेल्या केबल तिला वीजच देत नाहीत. अशा वेळी साधी केबल लावून बघा.

कार्ड

माझ्याकडून झालेली सगळ्यात महागडी चूक कार्डाची होती. स्टेशनबाहेरच्या एका टपरीवर ६४ जीबीचं कार्ड निम्म्या किमतीत मिळालं. चार दिवस उत्तम चाललं. पाचव्या दिवशी फायली उघडेनात, मग बोर्ड सुरूच होईना. मी तीनदा सिस्टिम नव्याने टाकली, दोन रविवार घालवले. शेवटी कार्ड तपासलं तर आत खरी जागा ८ जीबीसुद्धा नव्हती. वर छापलेला आकडा खोटा, आणि कार्ड संगणकालाही तोच खोटा आकडा सांगत होतं.

तेव्हापासून नवं कार्ड कितीही चांगल्या दुकानातून आणलं तरी आधी तपासते. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ३ नावाचं साधन मोफत मिळतं. ते कार्ड काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून पाहतं. ६४ जीबीला वेळ लागतो, रात्री लावून झोपा. १६ किंवा ३२ जीबीचं, ए१ लिहिलेलं, नावाजलेल्या कंपनीचं कार्ड टाकीच्या कामाला भरपूर झालं.

सिस्टिम टाकणे

लॅपटॉपवर रास्पबेरी पाय इमेजर उतरवून घ्या. त्यात आधी तुमचा बोर्ड निवडा, मग सिस्टिम, मग कार्ड. स्क्रीन न लावता चालवायचा बोर्ड असेल तर रास्पबेरी पाय ओएस लाइट घ्या, तिच्यात डेस्कटॉप नसतो. कार्ड निवडताना दोनदा बघा. शेजारी तुमची पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क दिसत असते, आणि चुकून ती निवडली तर त्यावरचे लग्नाचे फोटो गेले म्हणून समजा.

लिहायला सुरुवात करण्याआधी इमेजर सेटिंग विचारतो. ती पायरी ओलांडून पुढे जाऊ नका, पुढचे निम्मे त्रास इथेच टळतात.

होस्टनेम, म्हणजे नेटवर्कवरचं बोर्डाचं नाव, साधं ठेवा. मी टाकी एवढंच ठेवलं आहे, इंग्रजी चार अक्षरं. वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड स्वतः ठरवा आणि लगेच कागदावर लिहा. जुन्या व्हिडिओंमध्ये पाय हे नाव आणि रास्पबेरी हा पासवर्ड सांगितलेला असतो, तो एप्रिल २०२२ पासून बंद झाला आहे. मला विचारणारे कितीतरी जण तोच टाइप करत बसलेले असतात.

वायफायचं नाव आणि पासवर्ड अक्षर न अक्षर तसाच घाला, लहान-मोठी अक्षरंसुद्धा. देश भारत निवडा. टाइमझोन एशिया कोलकाता. कीबोर्ड यूएस. हे शेवटचं विसरलात तर बोर्ड ब्रिटिश कीबोर्ड धरून चालू शकतो, आणि त्यात ॲटचं चिन्ह व अवतरणचिन्ह यांची अदलाबदल असते. पासवर्डात ॲट असेल तर तुम्ही बरोबर टाइप करूनही बोर्ड नाही म्हणत राहतो. माणूस वेडा व्हायची पाळी येते. शेवटी एसएसएच (लॅपटॉपवरून नेटवर्कमार्गे बोर्डात शिरायची सोय) चालू करा.

लिहून झाल्यावर इमेजर पडताळणी करतो, ती अर्धवट सोडू नका. पडताळणी नापास झाली तर आधी कार्ड रीडर बदला. स्वस्त रीडरसुद्धा कार्डाइतकेच दगा देतात.

पहिला बूट

बूट म्हणजे बोर्ड सुरू होणं. कार्ड आत, मग बाकीच्या वायरी, वीज सगळ्यात शेवटी. पाय ४ किंवा ५ ला स्क्रीन लावणार असाल तर दोनपैकी विजेच्या तोंडाजवळचा एचडीएमआय वापरा.

आता हात बांधून बसा. पहिल्या वेळी बोर्ड कार्डावरची जागा पसरवून घेतो, सेटिंग लावतो, मध्ये स्वतःहून एकदा बंद होऊन सुरू होतो. झीरोला पाच मिनिटंही लागू शकतात. दोन मिनिटांत काही दिसलं नाही म्हणून वीज काढली तर अर्धवट लिहिलेलं कार्ड घेऊन पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं. चहा टाकून या.

मग लॅपटॉपवर टर्मिनल उघडा. विंडोजवर पॉवरशेल चालतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. एसएसएच, जागा, तुमचं वापरकर्ता नाव, ॲट, टाकी, टिंब, लोकल. पहिल्यांदा विश्वास ठेवायचा का विचारेल, येस टाइप करा. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीही उमटत नाही, टिंबंसुद्धा नाहीत. तसंच असतं, टाइप करून एंटर दाबा.

आत गेल्यावर सुडो एपीटी अपडेट, मग सुडो एपीटी फुल-अपग्रेड. पहिल्याने फक्त यादी ताजी होते, दुसऱ्याने सॉफ्टवेअर. शेवटी सुडो रीबूट.

बोर्डाशी बोलणं होत नाही तेव्हा

एसएसएच जे नकार देतं ते नीट वाचा. प्रत्येक नकाराचा अर्थ वेगळा आहे, आणि लोक सगळ्यांवर एकच उपाय करतात: कार्ड पुसून पुन्हा लिहिणं.

होस्टनेम सापडत नाही असं आलं तर बोर्ड एकतर नेटवर्कवर आलाच नाही, किंवा आला आहे पण लॅपटॉपला त्याचं नाव कळत नाही. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिथे टाकी दिसते का बघा. दिसली तर नावाऐवजी तिथला आयपी पत्ता वापरा.

वाट पाहून टाइम-आउट झालं तर पत्ता चुकीचा आहे, बोर्ड बंद आहे किंवा तुम्ही दोघं वेगळ्या खोलीत आहात. वेगळी खोली म्हणजे गेस्ट वायफाय. बऱ्याच राउटरवर गेस्ट नेटवर्कमधली उपकरणं एकमेकांना दिसू दिली जात नाहीत. इंटरनेट दोघांनाही मिळतं, म्हणून संशय येत नाही.

कनेक्शन रिफ्यूज्ड आलं तर आनंद माना. बोर्ड जिवंत आहे, नेटवर्कवर आहे, फक्त एसएसएच चालू करायचं राहिलं. स्क्रीन आणि कीबोर्ड लावून सुडो रास्पी-कॉन्फिग, त्यात इंटरफेस ऑप्शन्स, तिथे एसएसएच चालू करा.

परमिशन डिनाइड म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. मघाचा कागद काढा.

आणि होस्टची ओळख बदलली आहे, कुणीतरी मध्ये बसून ऐकत असेल, अशी मोठी घाबरवणारी सूचना आली तर आठवा: तुम्ही कार्ड नव्याने लिहिलंत का? लिहिलं असेल तर बोर्डाची किल्ली बदलली आहे आणि लॅपटॉपला जुनी आठवते आहे. एसएसएच-कीजेन, जागा, वजा चिन्ह आणि मोठा आर, जागा, टाकी.लोकल. या एका कमांडमध्येच एक अक्षर मोठं आहे. जुनी नोंद पुसली जाते. कार्ड नव्याने लिहिलेलं नसताना ही सूचना आली तर मात्र थांबून शोध घ्या.

वायफायच मिळत नसेल तर पट्टा तपासा. झीरो टू डब्ल्यू आणि पाय ३ बी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ५ गिगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही. पाय ३ बी प्लस, पाय ४ आणि पाय ५ ला दोन्ही चालतात. राउटरवर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल आणि बोर्ड अडखळत असेल तर २.४ ला वेगळं नाव द्या. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवली असेल तर डब्ल्यूपीए२ करून बघा. नेरूळला मैत्रिणीच्या बाराव्या मजल्यावरच्या घरात २.४ वर इतक्या शेजाऱ्यांचे राउटर दिसतात की यादी संपत नाही. तिच्याकडे राउटरचा चॅनल १, ६ आणि ११ असा बदलून पाहिल्यावर गाडी रुळावर आली. आत शिरल्यानंतर नेटवर्क बदलायचं असेल तर सुडो एनएमटीयूआय, साधा मेनू उघडतो.

काहीच होत नाही तेव्हा

पाय ४ आणि ५ वर एक सोपी परीक्षा आहे. कार्ड काढून टाका, स्क्रीन लावा, वीज द्या. बूटलोडरचं (बोर्ड सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं) माहितीचं पान दिसलं तर बोर्ड, वीज, एचडीएमआय सगळं ठीक आहे आणि दोष कार्डात आहे. पाय ३ आणि झीरोवर ही सोय नाही, कार्डाशिवाय ते मुकेच असतात. त्यांच्यासाठी खात्रीचं, चालणारं दुसरं कार्ड घरात ठेवा.

हिरवा दिवा मोजून लुकलुकत असेल तर तोही बोलतो आहे. चार लुकलुकी आणि मग विराम, पुन्हा चार: सुरुवातीच्या फायली सापडत नाहीत. सात: कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सापडत नाही. दोन्ही वेळा कार्ड नव्याने लिहा. पाय ४ चा बूटलोडरच बिघडल्याची शंका असेल तर इमेजरमध्ये तो दुरुस्त करणारी छोटी इमेज मिळते. ती कार्डावर टाकून बोर्ड सुरू केला की काम झाल्यावर स्क्रीन हिरवी होते.

चालता चालता फाइल सिस्टिम रीड-ओन्ली झाल्याची तक्रार आली, सुडो डीमेसेजमध्ये (टाइप करताना डी, एम, ई, एस, जी) एमएमसी या नावाने चुकांच्या ओळी दिसल्या, तर कार्ड आचके देत आहे. त्याच दिवशी हवं ते उतरवून घ्या.

टाकी

बोर्ड आतून तयार झाला की सेन्सर. टाकीसाठी जलरोधक अल्ट्रासॉनिक सेन्सर, जेएसएन-एसआर०४टी. आवाजाची लहर पाण्यावर आदळून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर मिळतं. अगदी जवळचं, साधारण २५ सेंटीमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही, म्हणून टाकी पूर्ण भरली तरी पाणी सेन्सरपासून त्याहून खाली राहील इतका तो वर बसवा.

पायच्या जीपीआयओ पिना, म्हणजे सेन्सर जोडायच्या पिना, ३.३ व्होल्टच्या आहेत आणि ५ व्होल्ट सोसत नाहीत. सेन्सरची एको तार (लहर परत आल्याचं सांगणारी) मात्र ५ व्होल्ट पाठवते. म्हणून एको तारेतून १ किलोओहमचा रेझिस्टर घेऊन जीपीआयओ २४ ला, आणि तिथूनच २ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला. ५ चे ३.३ होतात. ट्रिगर (लहर सोडायला सांगणारी तार) सरळ जीपीआयओ २३ ला. इथे आकड्यांचा घोळ होतो: जीपीआयओ २४ म्हणजे रांगेतली १८ वी पिन आणि जीपीआयओ २३ म्हणजे १६ वी. वायर जोडण्याआधी बोर्डाची वीज काढा, आणि दोनदा मोजा.

सॉफ्टवेअरसाठी जीपीआयओझीरो ही लायब्ररी एपीटीने बसवा. पिप (पायथॉनचं लायब्ररी बसवायचं साधन) वापरायला गेलात तर हल्लीची सिस्टिम, हे पायथॉन बाहेरून सांभाळलं जातं, असं सांगून अडवते. ते बिघाड नाही. एपीटीवर नसलेली लायब्ररी हवी असेल तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (सिस्टिमपासून वेगळा कप्पा) करून त्यात टाका. आणि पाय ५ वर आरपीआय डॉट जीपीआयओ या जुन्या लायब्ररीचा कोड चालत नाही, कारण तिथे पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपकडे गेल्या आहेत.

माझा अर्धा दिवस गेला तो पुढच्या गोष्टीत. टाकी रिकामी होत होती आणि आकडा एक मीटरवर खिळलेला. वायरी तपासल्या, सेन्सर बदलला. शेवटी कळलं की जीपीआयओझीरोच्या डिस्टन्स सेन्सरमध्ये मॅक्स डिस्टन्स न सांगितल्यास एक मीटर धरलं जातं. तिथे ३ लिहिलं आणि आकडा हलला.

एकाच मोजणीवर विश्वास ठेवू नका. नऊ मोजण्या घ्या, चढत्या क्रमाने लावा, मधली घ्या. मे महिन्यात टाकीतली हवा तापली की आवाज जरा वेगाने धावतो. २० अंशांऐवजी ३५ अंश असेल तर दीड मीटरमध्ये चारेक सेंटीमीटरचा फरक पडतो. पाणी टँकरने मागवायचं का एवढंच ठरवायचं असेल तर तो सोडून द्या.

पंपाची मोटर या बोर्डाने चालू-बंद करायचा मोह आवरा. २३० व्होल्टचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं आहे. आपण ५ व्होल्टच्या वर जायचं नाही.

वीज जाणे, ऊन आणि पाऊस

बोर्ड बंद करताना सुडो पॉवरऑफ द्या, दिवा शांत झाल्यावर वीज काढा. पण गच्चीवर वीज आपल्याला विचारून जात नाही. त्यासाठी सगळं नीट चालायला लागल्यावर रास्पी-कॉन्फिगमध्ये परफॉर्मन्स ऑप्शन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. मग कार्डावर काही लिहिलंच जात नाही, सगळे बदल मेमरीत राहतात आणि वीज गेली की पुसले जातात. कार्ड सुरक्षित. नोंदी साठवायच्या असतील तर घरच्या संगणकावर पाठवा. काही बदलायचं असेल तेव्हा ओव्हरले बंद, रीबूट, बदल, पुन्हा चालू. हे विसरून मी एकदा अख्खा प्रोग्राम लिहिला आणि रीबूटला तो गेला.

झीरोवर घड्याळाची बॅटरी नसते. वीज आली आणि इंटरनेट आलं नाही तर वेळ चुकीची राहते, नोंदींच्या तारखा मागे जातात. डीएस३२३१ हे छोटं घड्याळ जोडलं की प्रश्न मिटतो. पाय ५ वर घड्याळ आहे, फक्त त्याची बॅटरी वेगळी लावायची. पॉवर बँक यूपीएससारखी वापरणार असाल तर आधी मुख्य वीज काढून-लावून बघा. बऱ्याच पॉवर बँका त्या क्षणी पळभर पुरवठा तोडतात आणि बोर्ड रीबूट होतो.

ऊन: व्हीसीजेनसीएमडी मेझर, अंडरस्कोर, टेम्प ही कमांड तापमान सांगते. ८० अंशांच्या पुढे बोर्ड स्वतःचा वेग कापू लागतो. पेटी सावलीत, टाकीच्या उत्तरेला लावा. पत्र्याची पेटी नको. ती तापतेही आणि वायफायही अडवते.

पावसाळ्यासाठी इलेक्ट्रिकच्या दुकानात आयपी६५ लिहिलेली प्लास्टिकची जंक्शन बॉक्स मिळते. वायरींची भोकं खालच्या बाजूने पाडा आणि त्यांना केबल ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसणारं बूच) लावा. वायर पेटीपर्यंत सरळ आणू नका. आधी पेटीच्या खाली लोंबू द्या, मग वर वळवून आत घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावरून टपकून जातं. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि गणपतीच्या आधी एकदा बदला. कोपरी, विटावा, ऐरोली अशा खाडीकाठच्या भागात खारी हवा पिनांवर हिरवट थर चढवते. सेन्सर मध्येच आकडा द्यायचा बंद झाला की आधी पिन काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग कोडकडे वळा.

शेवटचं काम कार्डाच्या प्रतीचं. सगळं चालू असताना बोर्ड बंद करून कार्ड लॅपटॉपला लावा, विन३२ डिस्क इमेजरने त्याची इमेज करून ठेवा आणि तीच इमेज तपासलेल्या दुसऱ्या कार्डावर रास्पबेरी पाय इमेजरने लिहा. दुसरं कार्ड पहिल्यापेक्षा आकाराने लहान नको, ३२ जीबीच्या दोन कंपन्यांच्या कार्डांतही थोडा फरक असतो. ते बोर्डात घालून एकदा चालवून बघा. मग छोट्या प्लास्टिकच्या पाकिटात घालून, वर तारीख लिहून, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. शेजारी मराठीत तीन ओळी: आधी प्लग काढा, कार्ड बदला, प्लग लावून पाच मिनिटं थांबा. मी गावाला गेले असताना आमच्या वॉचमन काकांनी त्या तीन ओळी वाचून टाकी परत सुरू केली होती.